कारवानीच्या बरगड्या

आमच्या जत भागात नवा पाहुणा दारात आला की त्याची नजर आधी आमच्या कारवानी कुत्र्याकडे, वाघ्याकडे जाते. "ह्येला खायाला घालत न्हाई का?" बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पोट आत ओढलेलं, कंबरेवर दोन हाडं वर आलेली. आई सगळ्यांना एकच उत्तर देते, "जातच तशी हाय." आणि खरोखर, दूध-भाकरी कितीही घाला, निरोगी कारवानी असाच दिसतो.

हे अंग पळण्यासाठी घडलं आहे. छाती खोल, पाय लांब, आणि भरधाव सुटला की एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात. शिकार वासावर नव्हे, नजरेवर. म्हणूनच पायाशी पडलेला भाकरीचा तुकडा वाघ्या शोधत बसतो, पण पार पलीकडच्या बांधावर हललेली प्लास्टिकची पिशवी त्याला लगेच दिसते. घरातली दुसरी, राणी, पश्मी आहे, म्हणजे कानांना आणि शेपटीला केसांची झालर असलेली. तिला "बस" म्हटलं की ती अर्धवट वाकते, कंटाळते आणि सरळ आडवी होते. परक्या माणसाचा हात अंगाला लागू देत नाही. चावत नाही, फक्त हाताच्या अंतराबाहेर सरकून उभी राहते.

मध्य आणि पश्चिम आशियातून व्यापाऱ्यांच्या, सैनिकांच्या तांड्यांबरोबर हे कुत्रे दख्खनेत उतरले असं मानतात. अरबी सालुकीशी असलेलं साम्य राणीच्या झालरीत मला रोज दिसतं. इथल्या उघड्या माळावर ससा आणि काळवीट पळवायला असाच कुत्रा हवा होता. मुधोळच्या घोरपडे राजांनी तो जोपासला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालोजीरावांनी पंचम जॉर्जला त्याची जोडी भेट दिली आणि मुधोळचं नाव जातीला चिकटलं. आमच्या गावांत मात्र राजाश्रय नव्हता. इथे धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या भाकरीतून ही जात राखली, आणि तिच्या इतिहासात त्यांचं नाव पहिलं यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. कारवानी मग डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागा राखू लागला. २००५ मध्ये तो टपाल तिकिटावर आला, आणि पुढे मुधोळची पिल्लं लष्कराने मेरठला प्रशिक्षणासाठी नेली.

आता शहरांतून पिल्लांना मागणी आहे. गिऱ्हाईक रंग विचारतं, उंची विचारतं. माझे वडील पिल्लू घ्यायला गेले की त्याच्या आईला नांगरटीत सोडायला सांगायचे. ढेकळांतून पळताना ती कशी वळते, वळताना वेग मोडतो का, एवढंच बघायचे आणि मग किमतीचं बोलायचे. राणीची आई त्यांनी अशीच पारखून घेतली होती.