कार्टूनपटांतील अतिशयोक्तीचा वास्तवाधार : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

कार्टूनपट आज घरोघरी पाहिले जात असले, तरी त्यांतील पडझड, मारझोड आणि निसर्गनियमांचे उल्लंघन यांकडे अभ्यासविषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. कड्यापलीकडे धावत गेलेला प्राणी खाली पाहीपर्यंत हवेतच उभा राहतो. पाणी वरच्या दिशेने वाहते. उंचावरून पडलेले मांजर अंग झटकून चालू लागते. दरडीखाली सापडलेले पात्र कागदासारखे चपटे होऊन पुन्हा उठते. ही दृश्ये निव्वळ कल्पनेची निर्मिती समजली जातात. वस्तुतः त्यांच्या मुळाशी प्रत्यक्ष निरीक्षण आहे. चित्रकाराने बहुधा घटना घेतली आणि तिचा परिणाम वगळला. सह्याद्रीला लागून असलेल्या जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत अशा घटनांची मूळ रूपे आढळतात. त्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिवनेरी किल्ल्यावर कडेलोटाचा कडा आजही दाखविला जातो. अपराध्याला कड्यावरून लोटून देण्याची शिक्षा लोप पावली. शब्द मात्र मराठीत राहिला आणि ‘सहनशीलतेचा कडेलोट’ असा सहज वापरला जाऊ लागला. भाषेनेही येथे कार्टूनपटासारखेच केले आहे. कडा ठेवला, देह वगळला. चक जोन्स यांच्या १९४९ साली सुरू झालेल्या रोडरनर-मालिकेतील कोयोट कड्यावरून वारंवार पडतो आणि पुढच्याच दृश्यात नव्या बेताला लागतो. त्याचे हवेत क्षणभर थांबणे ही कल्पनाही अगदी निराधार नाही. फेकलेली वस्तू आधी सरळ जाते व अंगातील जोर संपल्यावर खाली पडते, असे युरोपातील विद्वान दीर्घकाळ मानीत होते. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचा मार्ग पहिल्या क्षणापासून वक्र असतो हे दाखविले. कड्याबाहेर पाऊल पडताच पतन सुरू होते आणि पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर अंतर कापले जाते. कोयोट गॅलिलिओपूर्व जगात वावरतो, असे म्हणता येईल.

वर जाणाऱ्या पाण्यासाठी मात्र जुन्या समजुतींकडे जाण्याचे कारण नाही. नागनिकेच्या शिलालेखामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या नाणेघाटात पावसाळ्यात धबधब्याचे पाणी उलटे उडताना दिसते. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळून वर वळतो. मोठ्यातला मोठा पावसाचा थेंबही स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने पडत नाही. वर जाणाऱ्या वाऱ्याचा वेग त्याहून अधिक झाला, की थेंब माघारी फिरतो. येथे कोणताही नियम मोडलेला नसतो.

पडणाऱ्या मांजराचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. १८९४ मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-झ्यूल मारे यांनी पाठीवर सोडलेले मांजर हवेत उलटून पायांवर कसे येते, याची क्रमवार छायाचित्रे प्रसिद्ध केली. आधाराशिवाय शरीर फिरूच कसे शकते, असा प्रश्न तेव्हाच्या विद्वानांना पडला. मांजर कमरेत वाकते आणि पुढचा व मागचा भाग वेगवेगळ्या प्रकारे फिरवते, त्यामुळे एकूण कोनीय संवेग शून्य राहूनही ते वळते. या क्रियेची गणिती मांडणी केन व शेर यांनी १९६९ मध्ये केली. हालचालीचे तुकडे पाडून ते ओळीने मांडण्याची मारे यांची पद्धत पुढे सजीवचित्रणाचा पाया ठरली. टॉम हे मांजर पडद्यावर येण्यास १९४० साल उजाडावे लागले, परंतु मांजराच्या पडण्याचा अभ्यास कॅमेऱ्याने त्याच्या कितीतरी आधी केला होता. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी उपचार झालेली सुमारे ९० टक्के मांजरे वाचली होती. जागीच मेलेली मांजरे दवाखान्यात आणली जात नाहीत, ही या आकड्याची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

जुन्नर-आंबेगावात या प्रश्नाला दुसरे परिमाण आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला आणि रात्री कुत्र्यामागे धावताना कठडा नसलेल्या विहिरीत पडू लागला. त्याच्या अंगीही मांजराचीच लवचीकता असते, पण वजन मांजराच्या कितीतरी पट. आकार वाढला की पडण्याचा आघात वाढतो, हे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ च्या निबंधात खाणीत पडणाऱ्या उंदरापासून घोड्यापर्यंतच्या उदाहरणांनी स्पष्ट केले होते. बिबट्याला वाचवते ते विहिरीतील पाणी. मोटारीच्या पाइपला किंवा कपारीला पंजे रोवून तो तासन्‌तास तग धरतो. मग दोरांनी खाट किंवा पिंजरा खाली सोडला जातो, विहिरीभोवती गर्दी जमते आणि वनकर्मचाऱ्यांचा निम्मा वेळ माणसांना मागे सारण्यात जातो. कोरड्या विहिरीची गोष्ट निराळी. जखमी बिबट्यांना माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात ठेवले जाते, आणि त्यांतील काहींना पुन्हा रानात सोडता येत नाही. कार्टूनपटात नेमका हाच भाग नसतो.

दरडीचे दृश्य या सर्वांत अवघड. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला. अतिवृष्टीचे पाणी मातीच्या कणांमध्ये साठले, की त्यांची परस्परांवरील पकड सुटते आणि उतार द्रवासारखा वाहू लागतो. दगड एकेक करून गडगडत येत नाहीत. पळण्यास अवधी मिळत नाही. या दुर्घटनेत १५१ जणांचा मृत्यू झाला. एक आई आणि तिचे तान्हे मूल काही तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर पोहोचली ती एस.टी. बसच्या चालकामुळे : नेहमीच्या रस्त्याने तो आला, तेव्हा समोर गाव नव्हते.