तबकडीचें गाणें आणि अंकांचें गाणें

जुन्या तबकडीचे अभिमानी आणि डिजिटल, म्हणजे अंकीय, ध्वनिमुद्रणाचे कैवारी ह्यांच्यांतील वाद आतां चांगलाच मुरला आहे. तबकडीवरचें गाणें काळजाला भिडतें, अंकांचें नुसतें कानांवर पडतें, असें पहिल्या पक्षाचें म्हणणें. त्यांत तथ्य किती, हें अभिमानापेक्षां इतिहासाला विचारावें, असें आम्हांस वाटतें.

सपाट तबकडीची युक्ति बर्लिनर ह्यानें १८८७ सालीं काढली. पंधरा वर्षांनीं, १९०२ च्या नोव्हेंबरांत, ग्रामोफोन कंपनीच्या गायस्बर्गनें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरविलें. गाणें संपतांच ती इंग्रजींत आपलें नांव सांगे; तें आजहि त्या मुद्रिकांवर ऐकूं येतें. पुढें रूढ झालेल्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें सहसा मावत नसे. तास-तास राग आळविणाऱ्या गवयास एवढ्यांतच सारें उरकावें लागे. १९४८ सालीं अमेरिकेंत व्हिनाइलची दीर्घ तबकडी निघाली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटें मावूं लागलीं. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क आली, तेव्हां सुईचें राज्य संपलें असेंच पुष्कळांस वाटलें.

आतां मुख्य आक्षेप पाहूं. अंकीय पद्धतींत ध्वनीच्या लाटेचें माप कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदास ४४,१०० वेळां घेतात. दोन मापांच्या मधला स्वर हरवतो आणि त्याच्याबरोबर भावहि हरवतो, असा समज आहे. तो खरा नव्हे. लाटेंतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळां मापें घेतलीं, तर त्यांवरून मूळ लाट जशीच्या तशी उभी करतां येते, ह्या सिद्धांताची मांडणी शॅनन ह्या अमेरिकन गणितज्ञानें १९४९ सालीं केली. मनुष्याचा कान सेकंदास फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. तेव्हां ४४,१०० मापें पुरून उरतात. उलट तडजोड तबकडीच्याच कपाळीं आली आहे. खर्ज पूर्ण जोरानें कोरला तर एक खोबण शेजारच्या खोबणींत शिरेल. म्हणून कोरतांना तो दाबावा लागतो व वाजवितांना पुन्हां उचलावा लागतो. शिवाय सुई मध्याकडे सरकूं लागली कीं बारीक स्वर अस्पष्ट होऊं लागतात.

मग तबकडी ऐकतांना जीव भरून येतो, तो काय भ्रम? मुळींच नाहीं. ती पाकिटांतून जपून काढावयाची, पुसावयाची, सुई हलक्या हातानें टेकवावयाची, आणि एक बाजू संपतांच उठून ती उलटावयाची! एवढे सायास केल्यावर मनुष्य गाणें अर्धवट टाकून सहसा उठत नाहीं. अंकीय गाणें बोटाच्या स्पर्शासरशी सुरू होतें, आणि तितक्याच सहज सोडूनहि देतां येतें. उणीव पडते ती ध्वनींत नव्हे, अवधानांत. २०२२ सालीं अमेरिकेंत, १९८७ नंतर प्रथमच, व्हिनाइलच्या तबकड्या कॉम्पॅक्ट डिस्कहून अधिक संख्येनें खपल्या. घेणारांस गाण्याचा तुटवडा होता म्हणून खासच नव्हे. हें अवधानच त्यांस हवें असावें.

पण ह्या प्रेमाची एक दुःखद बाजूहि आहे. लाखेची तबकडी पडली कीं फुटते, आणि पोलादी सुई तिला दर वेळीं थोडी झिजविते. ज्या घरानें ती अधिक आवडीनें ऐकली, तेथेंच ती आधीं निकामी झाली. असे आवाज पुढच्या पिढीस मिळावयाचे, तर ते अंकीय प्रतींनींच मिळतील.

१९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या अंतराळांत धाडल्या. गोव्यांत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी त्यांवर खोबणींतच कोरलेली आहे. सोबत सुईहि दिली आहे. परंतु तेथें ऐकणारें कोणी नाहीं, म्हणून तेथें ती नुसती खोबण आहे. तीच भैरवी अंकांच्या प्रतींतून घरीं कोणी मध्यें न उठतां ऐकली, तर ती भैरवी होते. म्हणून आमचें सांगणें इतकेंच : घरांत जुनी तबकडी असेल, तर तिची अंकीय प्रत वेळींच करून घ्यावी, आणि ती प्रत तबकडीच्याच आदबीनें ऐकावी.