स्वित्झर्लंडमधील पर्यटन

स्वित्झर्लंडमधील पर्यटन हा मध्य युरोपातील या भूवेष्टित देशाच्या अर्थव्यवस्थेचा एक महत्त्वाचा घटक आहे. देशाचा सुमारे ६० टक्के भूभाग आल्प्स पर्वताने व्यापला असून वायव्येस जुरा पर्वतरांग आहे. देशात २६ राज्ये (कँटन) असून जर्मन, फ्रेंच, इटालियन व रोमान्श या चार राष्ट्रीय भाषा आहेत.

इतिहास

थॉमस कुक यांनी १८६३ मध्ये स्वित्झर्लंडला पहिली सहल नेली. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर यांच्यासह सात जणांनी माटरहोर्न (४,४७८ मीटर) हे शिखर प्रथमच सर केले. मात्र उतरताना त्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. १९१२ मध्ये युंगफ्राउयोखपर्यंतचा रेल्वेमार्ग पूर्ण झाला. ३,४५४ मीटर उंचीवरील तेथील स्थानक युरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे.

भाषा व प्रदेश

झ्युरिक, बर्न व ल्युसर्न येथे जर्मन, जिनिव्हा व लोझान येथे फ्रेंच, तर दक्षिणेकडील तिचिनो राज्यात इटालियन भाषा प्रचलित आहे. ग्राउब्युन्डेन हे तीन अधिकृत भाषा असलेले एकमेव राज्य असून रोमान्श भाषकांचा पारंपरिक प्रदेश तेथेच आहे.

प्रवासाचे नियोजन

स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही. तथापि २००८ पासून तेथे शेंगेन करार लागू आहे. त्यामुळे भारतीय पर्यटकांना शेंगेन व्हिसा व किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण आवश्यक असते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. स्विस फ्रँक हे अधिकृत चलन आहे. पदभ्रमणासाठी जून ते सप्टेंबर आणि स्कीइंगसाठी डिसेंबर ते एप्रिल हा काळ अनुकूल असतो. दोन हंगामांच्या मधल्या काळात अनेक रज्जुमार्ग देखभालीसाठी बंद असतात, तर उंचावरील अनेक घाटरस्ते हिवाळ्यात बर्फामुळे बंद राहतात. त्सेरमाट गावात इंधनावर चालणाऱ्या खासगी मोटारींना प्रवेश नसल्याने पर्यटक तेथे रेल्वेने पोहोचतात.

भारतीय पर्यटक

यश चोप्रा यांच्या चित्रपटांमुळे हा देश भारतीयांना विशेष परिचित झाला. इंटरलाकेन येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला आहे.

हवामानबदलाचा परिणाम

आल्प्समधील सर्वांत लांब हिमनदी आलेच ही जागतिक वारसा स्थळाचा भाग असून ती सातत्याने मागे हटत आहे. २०२२ व २०२३ या दोन वर्षांत स्विस हिमनद्यांचे सुमारे १० टक्के आकारमान नष्ट झाले. कमी उंचीवरील स्कीइंग केंद्रांना बर्फाच्या अनिश्चिततेमुळे कृत्रिम बर्फावर अवलंबून राहावे लागते.