मोठी भाषा मागे का राहिली?

बोलणारे पुष्कळ आणि लेखन जुने असले की भाषा राजभाषा होणारच, असे आपल्याला वाटते. जावानीज बोलणारे सुमारे ८ कोटी, तिचा एक शिलालेख इ. स. ८०४ चा. फिनिश बोलणारे जेमतेम ५० लाख, पहिले छापील पुस्तक १५४३ च्या सुमाराचे. तरी राजभाषा झाली फिनिशच! फिनलंडचा कारभार स्वीडिशमध्ये चाले; १८६३ मध्ये रशियाच्या झारने फर्मान काढून फिनिशला तिच्या बरोबरीची वाट मोकळी केली. इंडोनेशियातल्या तरुणांनी मात्र १९२८ मध्ये ऐक्यासाठी बंदरोबंदरी चालणारी मलाय निवडली. जावानीजमध्ये माणसाच्या मानाप्रमाणे शब्द बदलतो. हात म्हणजे ‘तांगान’, थोरांचा हात ‘अस्ता’ (आपला ‘हस्त’च तो!). आम्हाला वाटते, समतेच्या चळवळीला हा मानपान अडचणीचाच होता.