जंगलाचा नकाशा आणि मेंढा गाव

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा बंगळूर आणि शहाजीराजे हा विषय प्रथम मनात आला. परंतु त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. म्हणून अगदी अलीकडचा, पण आमच्या मते तितकाच अभिमानास्पद असा मराठी मुलुखातील एक इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. सभोवतीचे जंगल पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या वहिवाटीत होते. परंतु सरकारदप्तरी त्याचा धनी वनखाते, आणि त्यातील बांबू कागद कारखान्यास दिलेला. १९८० नंतरच्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यातून मेंढ्याचे देवाजी तोफा पुढे आले. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या सोबतीस आले. गावाने अभ्यासगट चालविले आणि प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घेण्याचा पायंडा पाडला.

पुढे २००६ साली वनहक्क कायदा संमत झाला; त्याचे नियम २००८ च्या आरंभी लागू झाले. दाव्याच्या क्षेत्राचा, ओळखता येतील अशा खुणांसह नकाशा ग्रामसभेच्या वनहक्क समितीनेच तयार करावयाचा, ही त्यातील महत्त्वाची तरतूद होय. विहिरी, दफनभूमी, देवस्थाने ही पुराव्यात धरली गेली. स्वतः दावेदार नसलेल्या वृद्धांची लेखी जबानी ग्राह्य ठरली. शेजारच्या गावाशी हद्दीचा तंटा निघाल्यास दोन्ही समित्यांनी एकत्र बसावे, असे ठरले. आयुष्य फायलींत घालविलेल्या आम्हांस याचे मर्म विशेष जाणवते. आमच्या टेबलावर येणाऱ्या नकाशात रेषा असते, क्रमांक असतो, शिक्का असतो. तेथील पाणवठ्याला लोक काय म्हणतात, हे मात्र नसते. मेंढ्याच्या लोकांना ते मुखोद्गत होते. कायद्याने ते ज्ञान पुरावा म्हणून मान्य केले, एवढेच.

२००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मेंढ्यास मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

लोकांचे ज्ञान लोकांनीच नोंदवावे, हा विचार आपल्या बंगळुरासही नवा नाही. पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ यांनी येथील भारतीय विज्ञान संस्थेत तीन दशके कार्य केले. त्यांनी पुरस्कारलेली लोकांची जैवविविधता नोंदवही पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर देशभर ग्राह्य ठरली.

आता थोडे स्वतःविषयी. आपल्या बोम्मसंद्र्याच्या पश्चिमेस बन्नेरघट्ट्याचे हत्तींचे रान आहे. त्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राचा २०१६ चा मसुदा २६८.९६ चौरस किलोमीटरांचा होता. मार्च २०२० च्या अंतिम अधिसूचनेत ते १६८.८४ उरले. शंभर चौरस किलोमीटर कागदावरून गेले! शहरातील काही जागरूक नागरिकांनी हरकती घेतल्या. आम्ही मात्र केंद्र सरकारचे नोकर असूनही केंद्राच्याच राजपत्रातील ती अधिसूचना वेळेवर वाचलीदेखील नाही. ज्या भूमीने आमच्या मुलांस वाढविले, तिची हद्द बदलत असता आम्ही परक्यासारखे स्वस्थ राहिलो, याची खंत वाटते.

मेंढ्याचा कायदेशीर हक्क आपणांस नाही, आणि तो सांगण्याचे कारणही नाही. पण ओळख करून घेण्यास कोणाची मनाई आहे? आनेकल तालुक्यात तलाव आहेत, गुंडुतोपु म्हणजे गावोगावच्या सामाईक वृक्षराई आहेत. मंडळातील ज्येष्ठांनी व मुलांनी महिन्यातील एक रविवार यासाठी काढावा. एकेका तलावाची फेरी घालावी, गावातील म्हाताऱ्यांना जागांची व झाडांची नावे विचारून ती वहीत उतरवावीत. ही नावे कन्नड असतील. पन्नास वर्षे येथे राहिल्यावर ती आपणांस ठाऊक असावयास हवी होती. निदान आता तरी ती शिकून घेऊ या.