टिळकांनी वकील कसा निवडला?

गेल्या रमजानमध्ये, तरावीहनंतर, आमच्या मोहल्ल्यातले एक गृहस्थ घरी आले. सोबत त्यांचा मेहुणा आणि थोरला मुलगा. धाकट्याला मारामारीच्या गुन्ह्यात पोलिसांनी उचललं होतं. सकाळी कोर्टात हजर करणार होते आणि वकील ठरत नव्हता.

तिघांची तीन मतं होती. मेहुणा म्हणाला, "आपल्यातलाच वकील द्या, तो जीव लावून लढेल." थोरला म्हणाला, "मुळीच नको. आरोपीचं नाव तसलं, वकिलाचंही तसलंच. जज काय समजेल?" आणि बाप म्हणत होता, "पोरानं काही केलंच नाही, तर वकील कशाला? उगाच गुन्हेगार असल्यासारखं दिसेल."

मी वकील नाही, इतिहास शिकवतो. मला एकच गोष्ट सांगता येण्यासारखी होती, ती मी सांगितली.

१८९७ साल. पुण्यात प्लेग, त्यावरून लोकांत संताप. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्याआधी 'केसरी'त शिवाजी उत्सवाच्या निमित्ताने छापलेल्या मजकुरावरून सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि २७ जुलैला त्यांना मुंबईत पकडलं. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टातही पहिल्या वेळी तो मिळाला नाही.

टिळक स्वतः एलएल.बी. होते, कायद्याचा वर्ग चालवत होते. तरी त्यांनी वकील दिला. जामिनासाठी उभे राहिले दिनशा दावर, पारशी बॅरिस्टर. ४ ऑगस्टला अर्ज आला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे.

इथे जरा थांबा. १८९३ च्या दंग्यांनंतरचे टिळकांचे लेख आणि त्यापाठोपाठचा सार्वजनिक गणेशोत्सव, यांमुळे मुसलमानांत त्यांच्याविषयी अविश्वास होता. तय्यबजी १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले, नेमस्त वळणाचे. टिळकांचं राजकारण त्यांच्या पचनी पडणारं नव्हतं. तरी त्यांनी जामीन दिला. त्या एका आदेशामुळे टिळकांना बचावाची तयारी करायला महिनाभर मिळाला.

खटला लढवायला कलकत्त्याहून प्यू आणि गार्थ हे इंग्रज बॅरिस्टर आले. त्यासाठी बंगालमध्ये वर्गणी जमली, तीत रवींद्रनाथ ठाकूरांनीही पुढाकार घेतला. ज्यूरीत सहा युरोपियन, तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन. दीड वर्षाची सक्तमजुरी. प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांची बाजू अ‍ॅस्क्विथ यांनी मांडली, तिथेही अर्ज फेटाळला गेला. पुढे १९०८ मध्ये हेच अ‍ॅस्क्विथ इंग्लंडचे पंतप्रधान झाले.

आणि त्याच १९०८ मध्ये टिळक पुन्हा आरोपी झाले. या वेळी जामिनाचा अर्ज चालवला महंमद अली जिना या तरुण बॅरिस्टरने. समोर न्यायाधीश कोण? दिनशा दावर! अकरा वर्षांपूर्वी टिळकांना जामीन मिळवून देणारा माणूस. त्यांनी जामीन नाकारला. खटल्यात टिळकांनी स्वतःच बचावाचं भाषण केलं, एकवीस तासांहून जास्त. ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी फुटली, आणि दावरांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. मंडाले.

आता १९१६. २३ जुलैला टिळकांची साठी साजरी होत असतानाच नोटीस आली. बेळगाव आणि अहमदनगरच्या स्वराज्यावरील भाषणांबद्दल चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्या. स्वतःचे वीस हजार आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने तसा हुकूमही केला. या वेळी टिळकांनी पूर्ण प्रकरण जिनांच्या हाती दिलं. जिनांनी कायद्याला धरून युक्तिवाद केला. ९ नोव्हेंबरला हायकोर्टाचे न्यायमूर्ती बॅचलर आणि लल्लूभाई शहा यांनी तो हुकूम रद्द केला. राजकीय खटल्यात टिळकांना मिळालेला हा मोठा विजय, आणि तो मिळवून दिला एका खोजा बॅरिस्टरने. जिनांचं पुढचं राजकारण आपल्याला माहीत आहे. पण १९१६ मधली त्यांची वकिली त्यामुळे खोटी ठरत नाही.

मी पाहुण्यांना म्हटलं, या गोष्टीत 'आपला' कोण आणि 'परका' कोण, ते सांगा. टिळकांना जामीन दिला मुसलमानाने, मंडालेला पाठवलं त्यांच्याच जुन्या वकिलाने. त्यांनी वकिलाची जात पाहिली नाही, त्याचं काम पाहिलं. आणि वकील देणं म्हणजे गुन्हा कबूल करणं असतं, तर टिळकांनी तीनदा गुन्हा कबूल केला असं म्हणावं लागेल.

थोरल्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेली नाही. ती खोटी नाही. आपल्या देशात काही ठिकाणी वकील संघटनांनीच ठराव केले, की अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये असे ठराव बेकायदा ठरवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अ‍ॅडव्होकेट शाहिद आझमींना कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात गोळ्या घातल्या गेल्या. ते २६/११ खटल्यात फहीम अन्सारीचे वकील होते. तीन महिन्यांनी फहीम त्या खटल्यातून निर्दोष सुटला. हे पाहायला वकील हयात नव्हता.

म्हणूनच घटनेच्या २२ व्या कलमातले शब्द मला मोलाचे वाटतात: अटक झालेल्या प्रत्येकाला स्वतःच्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क. फी परवडत नसेल, तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

त्या रात्री आम्ही वकिलाला विचारायचे प्रश्न कागदावर लिहिले. या कोर्टात फौजदारी कामं रोज करता का? तारखेला स्वतः येणार की ज्युनिअरला पाठवणार? फी किती, कधी, आणि पावती देणार का? सकाळी एका वकीलबाईंनी तिन्हींची सरळ उत्तरं दिली. वकीलपत्रावर मुलाची सही झाली. त्यांचं आडनाव कुणी विचारलं नाही. ते वकीलपत्रावर छापलेलंच होतं.

ईदच्या आदल्या दिवशी मुलाला जामीन मिळाला. खटला अजून चालू आहे.