खुंटी, दोरी आणि प्राची

दुपारी बाराला काठीची सावली उत्तरेकडे पडते, असं शाळेपासून कानावर असतं. मेच्या 26 तारखेच्या आसपास नागपुरात, सदरच्या शेजारच्या कस्तुरचंद पार्कवर एक मीटरची काठी उभी करून पाहिलं, तर घड्याळातल्या बाराला तिची जेमतेम चार सेंटिमीटर सावली पश्चिमेकडे पडलेली दिसेल. कारण सरळ आहे. भारताची घड्याळं 82.5 रेखांशावर लावलेली आहेत आणि नागपूर त्याच्या सुमारे 3.4 अंश पश्चिमेला. त्यामुळे इथली खरी मध्यान्ह सरासरीने बारा वाजून तेरा-चौदा मिनिटांनी होते; फेब्रुवारीत ती 12.28 पर्यंत लांबते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्याही आधी येते. शिवाय नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेअखेर सूर्य बरोबर डोक्यावरून जातो आणि मग जुलैच्या मध्यापर्यंत, जवळजवळ पन्नास दिवस, मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. उगवतीवर विसंबावं, तर तीही जागा बदलते. इथे सूर्य दोन्ही अयनबिंदूंना ठीक पूर्वेपासून 25 अंश सरकून उगवतो, एकदा उत्तरेकडे, एकदा दक्षिणेकडे. नुसत्या सूर्याकडे बोट दाखवून दिशा सांगता येत नाही, असाच याचा अर्थ. ती मिळते दोन सावल्या एकमेकींशी ताडून पाहिल्यावर, आणि दिशासाधनाची कुळकथा ही या ताडून पाहण्याची कथा आहे.

आपले दिशावाचक शब्द मात्र या युक्तीच्या आधीचे आहेत. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे मागची, दक्षिण म्हणजे उजवी. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचं शरीर या शब्दांत अजून तसंच उभं आहे. रोजच्या वाटचालीला एवढं पुरतं. यज्ञवेदी मांडणाऱ्याला ते पुरणारं नव्हतं. वेदीची मधली रेषा, तिची ‘प्राची’, पौषात मांडली काय आणि ज्येष्ठात मांडली काय, तीच यायला हवी होती. कात्यायन शुल्बसूत्राच्या आरंभीच यावरचा उपाय येतो. सपाट जमिनीत शंकू, म्हणजे सरळ खुंटी रोवायची. तिच्याच उंचीएवढ्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळची लांब सावली आखडत आखडत टोकाने वर्तुळाला शिवते, आत शिरते, आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. या दोन ठिकाणी खुंट्या ठोकायच्या. त्यांना जोडणारी रेषा ती प्राची. सूर्य उत्तरेकडून गेला की दक्षिणेकडून, घड्याळ पुढे की मागे, याने काही बिघडत नाही. मध्यान्हीच्या अलीकडे आणि पलीकडे सूर्य सारख्याच उंचीवर असतो, एवढ्याच गोष्टीवर सगळी भिस्त आहे.

हे वर्तुळ नागपूरच्या अक्षांशावर, 21 अंश 9 कलांवर, लावून पाहण्यासारखं आहे. सावली खुंटीएवढी होते ती सूर्य 45 अंशांवर असताना. 22 डिसेंबरला नागपुरात मध्यान्हीचा सूर्य 45 अंशांच्या किंचित वर पोचतो. मीटरभर काठीची त्या दिवसाची सर्वांत आखूड सावली असते साधारण 98.6 सेंटिमीटर. म्हणजे ती वर्तुळात शिरते, पण फक्त दीड सेंटिमीटर, आणि पाऊण-एक तासात बाहेर निघते. कात्यायनाचं वर्तुळ वर्षभर चालण्याची सीमा जणू नागपूरच्या वेशीजवळून जाते. आणखी उत्तरेला ऐन थंडीत सावली वर्तुळात येतच नाही, तिथे दोरी वाढवावीच लागते. ‘मयमत’ या दाक्षिणात्य वास्तुग्रंथात शंकूच्या दुप्पट त्रिज्या सांगितली आहे, तिथे ही अडचण उरत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की ही युक्ती एकट्या भारताची नाही. खरंच आहे, रोमन वास्तुकार विट्रुव्हियसनेही समान सावल्यांची हीच रीत नोंदवली आहे, आणि उन्हात खुंटी रोवणाऱ्या कुणालाही ती सुचू शकते. पण अरबी ज्योतिषी तिला ‘हिंदी वर्तुळ’ म्हणत, यावरून त्यांच्याकडे ती कोणाच्या नावाने ओळखली जात होती तेवढं कळतं. दुसरा आक्षेप होकायंत्राचा. नागपुरात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून एक अंशही दूर नाही, त्यामुळे मोकळ्या रानात होकायंत्र चोख काम देतं. सदरच्या उड्डाणपुलाखाली, सळयांनी भरलेल्या खांबांजवळ मात्र सुई भरकटते. मोबाइलमधलं होकायंत्रही चुंबकावरच चालतं. सावलीला लोखंडाची बाधा नाही. तिचा खरा दोष वेगळा आहे: दोन खुणांच्या मधल्या तासांत सूर्य स्वतः उत्तर-दक्षिण थोडा सरकतो आणि रेषा किंचित तिरपते. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (1150) याचीही दुरुस्ती आहे. दिशा, देश आणि काल या तीन प्रश्नांना तिथे ‘त्रिप्रश्न’ असा स्वतंत्र अध्याय आहे, आणि तिन्हींचं उत्तर त्याच एका शंकूच्या सावलीतून काढलेलं आहे. विषुवदिनी बारा अंगुळांच्या शंकूची मध्यान्हछाया म्हणजे पलभा; नागपूरची ती साडेचार अंगुळांहून थोडी जास्त येते.

राहिली उत्तर-दक्षिण. त्यासाठी कात्यायन कोनमापक मागत नाही, गवंड्याचा गुण्याही मागत नाही. दोन खुंट्यांमधल्या अंतराच्या दुप्पट दोरी घ्यायची, दोन्ही टोकांना फास करून ते पूर्व-पश्चिमेच्या खुंट्यांत अडकवायचे. मध्यावर धरून दोरी दक्षिणेला ताणली की दोन्ही बाजू सारख्या ताठ होतात; बोटाखालच्या मध्याशी खूण करायची. मग फास न काढता तीच दोरी उचलून उत्तरेला ताणायची आणि तिथे दुसरी खूण करायची.